नोकरी सांभाळून मार्केटिंगचे पदव्युत्तर शिक्षण : चितेगावच्या पट्ट्यातून तयारी कशी करावी

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की चौदाव्या किलोमीटरच्या दगडाजवळ चितेगाव लागते. गाव पैठण तालुक्यातले असले तरी त्याची ओळख शेतीपेक्षा कारखान्याने अधिक झाली. व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज या कंपनीचा नोंदणीकृत पत्ताच या चौदा किलोमीटरच्या दगडाच्या खुणेने लिहिला जात असे. एका संपूर्ण पिढीने येथे दूरचित्रवाणी संच, फ्रीज आणि त्यांचे सुटे भाग तयार करण्याचे काम शिकले. वस्तू कशी बनते हे या पिढीला तोंडपाठ होते. ती कोणाला, कोणत्या किमतीला, कोणत्या दुकानातून आणि का विकली जाते, हा प्रश्न मात्र कारखान्याच्या फाटकाबाहेरचा मानला गेला.

६ जून २०१८ रोजी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजविरुद्धची दिवाळखोरी प्रक्रिया दाखल करून घेतली आणि फाटकाबाहेरचा तो प्रश्न आतल्या माणसांपर्यंत येऊन पोहोचला. दुसरीकडे याच पैठण रस्त्यावर पुढे असलेले बिडकीन, शेंद्र्यासह ‘ऑरिक’ या औद्योगिक नगरीचा भाग झाले आहे. टोयोटा किर्लोस्कर मोटरने ३१ जुलै २०२४ रोजी राज्य शासनाशी येथील प्रकल्पासाठी सामंजस्य करार केला. नवे उद्योग येताना केवळ जोडणी करणारे हात मागत नाहीत. वितरक, विक्री अभियंते, सेवा व्यवस्थापक आणि बाजारपेठेचा अभ्यास करणारी माणसेही त्यांना लागतात. त्यामुळे तिशी गाठलेल्या अनेक नोकरदारांच्या मनात मार्केटिंगमधील एमबीए किंवा तत्सम पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा विचार येतो. जाहिरातींतील आश्वासनांमुळे हा विचार अनेकदा घाईत अमलात आणला जातो. प्रत्यक्षात प्रवेश अर्ज भरण्यापूर्वीचे सहा ते आठ महिनेच अधिक निर्णायक असतात.

पहिला अडथळा पात्रतेचा

औद्योगिक पट्ट्यातील नोकरदारांचा मोठा वर्ग दहावीनंतर तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेला असतो. पंधरा वर्षांचा अनुभव, हाताखाली वीस माणसे, वेतनही समाधानकारक. मात्र तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका ही पदवी नव्हे, आणि एमबीएसाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी अनिवार्य आहे. खुल्या प्रवर्गासाठी पदवीला सर्वसाधारणपणे किमान ५० टक्के आणि राखीव प्रवर्गासाठी ४५ टक्के गुण अपेक्षित असतात. अनुभव कितीही असला तरी ही अट सुटत नाही. ‘अनुभवाच्या आधारे थेट एमबीए’ असे कोणी सांगत असल्यास तेथेच सावध व्हावे.

पदविकाधारकांना यातून दोन मार्ग आहेत. अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणे हा एक. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत पदविका व पदवी अभ्यासक्रम चालविण्याची मुभा संस्थांना दिली आहे. नोकरीच्या किंवा राहण्याच्या ठिकाणापासूनचे अंतर, किमान अनुभव अशा अटी त्यास आहेत. दुसरा मार्ग मुक्त विद्यापीठातून कला किंवा वाणिज्य शाखेची पदवी घेण्याचा. ज्याला पुढे मार्केटिंगच करायचे आहे, त्याला वाणिज्य शाखेची पदवी अधिक उपयोगी पडते, कारण लेखाशास्त्र आणि अर्थशास्त्राची ओळख त्यात आपोआप होते. यात तीन वर्षे जातात, हे खरे. पण पस्तिसाव्या वर्षी सुरू केलेला हा प्रवास चाळिशीच्या आसपास पदव्युत्तर पदवीपर्यंत पोहोचतो, आणि त्यानंतरही नोकरीची जवळजवळ दोन दशके शिल्लक असतात.

पदवी, पदविका आणि प्रमाणपत्र

‘एमबीए’, ‘एक्झिक्युटिव्ह एमबीए’, ‘पीजीडीएम’, ‘पीजीडीबीए’, ‘सर्टिफिकेट इन मार्केटिंग’ ही नावे जाहिरातीत एका रांगेत छापली जातात. त्यांचे मूल्य मात्र एक नाही. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तसा अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे. भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आयआयएम, पूर्वी पदविकाच देत. २०१७ च्या कायद्यानंतर त्यांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला. तरीही आयआयएमच्या नावाने ऑनलाइन चालणारे काही महिन्यांचे बरेचसे अभ्यासक्रम प्रमाणपत्राचेच असतात. त्यातून मिळणारे ज्ञान कमी दर्जाचे असते असे नव्हे. परंतु पुढे पीएच.डी. करायची असेल, अध्यापनात जायचे असेल किंवा सरकारी उपक्रमात पदोन्नती हवी असेल, तर तेथे ‘पदव्युत्तर पदवी’ हे दोन शब्द तपासले जातात. खासगी कंपनीतल्या बढतीसाठी पदविका चालते का, हे आपल्याच मनुष्यबळ विभागाला लेखी विचारून घेणे शहाणपणाचे. तोंडी होकाराला पुढे कोणी जबाबदार राहत नाही.

दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षणाच्या बाबतीत तर ही दक्षता दुप्पट हवी. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल प्रत्येक नोकरदार विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा आहे. २००१ ते २००५ या काळात चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने, आवश्यक मान्यतेविना, अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. न्यायालयाने त्या निलंबित केल्या आणि तंत्रशिक्षण परिषदेच्या चाचणीत उत्तीर्ण होणाऱ्यांनाच त्यांचा लाभ परत मिळेल, असे ठरविले. अशा पदव्या घेणाऱ्यांत नोकरी करता करता शिकलेले बरेच जण होते आणि पदवीच्या आधारे मिळालेल्या बढत्यांवरही गदा आली. चूक संस्थांची, पण किंमत मोजली ती बारा-पंधरा वर्षांनंतर, घरसंसार उभा राहिलेल्या माणसांनी.

यानंतर नियम अधिक स्पष्ट झाले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांविषयीचे नियम ४ सप्टेंबर २०२० पासून लागू आहेत. मान्यताप्राप्त संस्थेतून या पद्धतीने घेतलेली पदवी नियमित पदवीच्या तोडीची मानली जाते. मात्र मान्यता संस्थेला सरसकट नसते. ती विशिष्ट अभ्यासक्रमासाठी आणि विशिष्ट सत्रासाठी असते. म्हणून आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या प्रवेशाचे वर्ष, विद्यापीठ आणि अभ्यासक्रम या तिन्ही गोष्टी जुळवून पाहाव्यात आणि त्या पानाची प्रत काढून फाइलमध्ये ठेवावी. २०२४ पासून या पद्धतीच्या प्रवेशासाठी विद्यार्थ्याने स्वतः ‘डीईबी आयडी’ काढणे आवश्यक झाले असून त्यासाठी शैक्षणिक श्रेयांक पेढीतील, म्हणजे ‘एबीसी’चा, क्रमांक लागतो. हा क्रमांक दलालाकडून काढून घेऊ नये. एप्रिल २०२४ मध्ये तर ‘दहा दिवसांत एमबीए’ अशा जाहिरातींविरुद्ध आयोगाला जाहीर इशारा द्यावा लागला होता. दहा दिवसांत मोटारसायकल चालवायला शिकता येते; व्यवस्थापनाची पदवी मिळत नाही, हे सांगण्यासाठी आयोगाची सूचना लागावी, यातच बाजाराची अवस्था दिसते.

उपलब्ध मार्ग

नियमित, पूर्णवेळ एमबीएचे प्रवेश राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाच्या सीईटीमधून होतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि शहरातील व्यवस्थापन महाविद्यालये यांचा हा मार्ग आहे. यात वर्गातील उपस्थिती बंधनकारक असते. काही जण नोकरी चालू ठेवून पूर्णवेळ अभ्यासक्रमात नाव घालतात आणि केवळ परीक्षेला जातात. ही पळवाट पुढे महागात पडू शकते. नव्या कंपनीत रुजू होताना पार्श्वभूमीची पडताळणी होते, आणि त्याच दोन वर्षांचा पूर्णवेळ नोकरीचा दाखला व पूर्णवेळ शिक्षणाचे प्रमाणपत्र समोरासमोर ठेवले गेले की उत्तर देणे कठीण होते.

नोकरदारांसाठीच आखलेल्या मार्केटिंगच्या पदव्युत्तर शिक्षणाचे महाराष्ट्रातील जुने उदाहरण म्हणजे मुंबई विद्यापीठाचा ‘मास्टर इन मार्केटिंग मॅनेजमेंट’, अर्थात एमएमएम. तीन वर्षांचा, अर्धवेळ, संध्याकाळच्या वर्गांचा हा अभ्यासक्रम. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्थेसह मुंबईतील काही संस्थांशी त्याचे नाव जोडले गेले आहे. दिवसभर औषध कंपनीत वा बँकेत काम करून संध्याकाळी चर्चगेटला वर्ग गाठणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून त्याची रचना झाली. मुंबईत हे जमते, कारण लोकल गाडी आहे आणि कचेऱ्यांची वेळ सहसा ठरलेली आहे. चितेगावच्या कारखान्यात दर आठवड्याला पाळी बदलते. दुपारच्या पाळीतील माणूस संध्याकाळच्या वर्गाला कसा जाणार? म्हणूनच या पट्ट्यातील बहुसंख्य नोकरदारांसाठी दूरशिक्षण हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

यात दोन सार्वजनिक विद्यापीठे प्रथम पाहावीत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, म्हणजे इग्नूची, स्थापना १९८५ ची. तेथे मार्केटिंग व्यवस्थापनातील एमबीए स्वतंत्रपणे उपलब्ध आहे. जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा प्रवेशाची सत्रे असतात. पूर्वी ‘ओपनमॅट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागे. नव्या रचनेत ती अट काढून टाकण्यात आली. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असला तरी पूर्ण करण्यास चार वर्षांपर्यंत मुदत मिळते. पाळीत काम करणाऱ्याला ही सवलत मोलाची आहे. मूल्यमापनात स्वाध्यायांना ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार असतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे. त्याचे विभागीय केंद्र छत्रपती संभाजीनगरातच आहे, त्यामुळे गुणपत्रिकेतील चूक किंवा परीक्षा केंद्राची अडचण आल्यास स्वतः जाऊन विचारता येते. ऑनलाइनच्या काळातही खिडकीपलीकडे माणूस असण्याचे मोल कमी झालेले नाही.

खासगी व अभिमत विद्यापीठांचे ऑनलाइन एमबीए हा तिसरा पर्याय. त्यांचे व्याख्यानांचे तंत्र अनेकदा चांगले असते. शुल्कही त्या मानाने बरेच अधिक असते. येथे एक गोष्ट तपासावी. फोन करणारा प्रतिनिधी विद्यापीठाचा आहे की मध्यस्थ कंपनीचा? पैसे थेट विद्यापीठाच्या खात्यातच भरावेत आणि मासिक हप्त्याची सवलत म्हणजे प्रत्यक्षात कोणा वित्तसंस्थेचे कर्ज तर नव्हे, हे करारपत्र वाचून ठरवावे. मध्येच अभ्यासक्रम सोडला तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही.

प्रवेश परीक्षेचे गणित

पूर्णवेळ प्रवेशासाठी सुट्टी वा राजीनामा देण्याची तयारी असणाऱ्यांना सीईटी द्यावी लागते. या परीक्षेचा नमुना गेली अनेक वर्षे २०० प्रश्न आणि १५० मिनिटे असा आहे. तर्कशक्तीचे ७५, आकृत्यांवर आधारित अमूर्त तर्काचे २५, गणिती क्षमतेचे ५० आणि इंग्रजी आकलनाचे ५० प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नये. ही परीक्षा ज्ञानापेक्षा वेग आणि निवड यांची आहे. दहा वर्षांनी पेन हाती धरणाऱ्या अभियंत्याला गणित येत असते, पण एका अवघड उदाहरणात तो पाच मिनिटे अडकतो. कारखान्यात बिघाड सापडेपर्यंत सोडायचा नाही, ही सवय येथे घात करते. प्रश्न सोडून पुढे जाण्याचा सराव त्याला वेगळा करावा लागतो. २०२४ मध्ये ही परीक्षा मार्चमध्ये आणि २०२५ मध्ये एप्रिलच्या प्रारंभी झाली होती. म्हणून दिवाळी संपताच अभ्यास सुरू करणे योग्य. त्या त्या वर्षीचा नमुना आणि तारीख मात्र कक्षाच्या माहितीपुस्तिकेतूनच खात्री करून घ्यावी.

खरी तयारी आकड्यांची आणि नजरेची

प्रवेश मिळणे आणि अभ्यासक्रम पेलणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मार्केटिंग म्हणजे बोलघेवड्यांचा विषय, असा समज असलेले विद्यार्थी पहिल्याच सत्रात लेखाशास्त्र आणि संख्याशास्त्रापाशी अडखळतात. प्रवेशापूर्वी टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन आणि सहसंबंध एवढे तरी पक्के हवे.

साधे उदाहरण घ्यावे. दुकानदाराने ८०० रुपयांना घेतलेली वस्तू १,००० रुपयांना विकली. त्याचा नफा २०० रुपये. खरेदीच्या किमतीवर तो २५ टक्के होतो आणि विक्रीच्या किमतीवर २० टक्के. वितरक ‘वीस टक्के’ म्हणतो आणि कंपनीचा माणूस ‘पंचवीस’ समजतो, तेव्हा वाटाघाटीत गोंधळ होतो. आता ना-नफा-ना-तोटा बिंदू पाहू. एका लहान उत्पादकाचा स्थिर खर्च ६ लाख रुपये, वस्तूची किंमत १,५०० आणि प्रत्येक नगाचा बदलता खर्च ९०० रुपये. प्रत्येक नगामागे ६०० रुपये उरतात, म्हणून १,००० नग विकले की खर्च भरून निघतो. सणाला १० टक्के सूट दिली तर उरतात फक्त ४५० रुपये, आणि तोच खर्च भरून निघण्यासाठी १,३३४ नग विकावे लागतात. सूट दहा टक्क्यांची, पण विक्री एक तृतीयांशाने वाढायला हवी! हे गणित ज्याला स्वतः मांडता येते, त्याला ‘किंमत निर्धारण’ हे प्रकरण परके वाटत नाही. लेथ आणि प्रेसवर उत्पादन खर्च मोजणाऱ्या माणसाला तर हे इतरांपेक्षा लवकर कळते. ही त्याची जमेची बाजू आहे आणि त्याने ती ओळखली पाहिजे.

उणी बाजू दुसरीच असते. कारखान्यात घडलेली नजर वस्तूवर खिळलेली असते. मार्केटिंगचा अभ्यास ग्राहकापासून सुरू होतो. थिओडोर लेविट यांनी १९६० मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील ‘मार्केटिंग मायोपिया’ या लेखात हाच दोष दाखविला. अमेरिकी रेल्वे कंपन्यांनी आपला धंदा रेल्वेचा मानला, वाहतुकीचा मानला नाही. म्हणून मोटारी आणि विमानांनी त्यांचे ग्राहक नेले, असे त्यांचे म्हणणे. त्याच वर्षी जेरोम मॅकार्थी यांनी वस्तू, किंमत, वितरण आणि प्रसिद्धी या चार अंगांची मांडणी केली, जी आज ‘फोर पीज’ म्हणून पहिल्याच तासाला शिकवली जाते. फिलिप कोटलर यांचे ‘मार्केटिंग मॅनेजमेंट’ १९६७ चे. ते पुढच्या आवृत्त्यांतून वाढत गेलेले जाडजूड पुस्तक प्रवेशापूर्वी पूर्ण वाचण्याचा हट्ट धरू नये. आरंभीची पाच-सहा प्रकरणे पुरेत. भारतीय बाजारपेठेसाठी रामस्वामी आणि नामाकुमारी यांचे पाठ्यपुस्तक व रमा बिजापूरकर यांचे ‘वुई आर लाइक दॅट ओन्ली’ उपयोगी आहे.

लेविट यांचा मुद्दा समजण्यासाठी अमेरिकी रेल्वेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. संभाजीनगरच्याच पश्चिमेला असलेल्या वाळूजमध्ये बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. स्कूटरसाठी ग्राहकाने वर्षानुवर्षे यादीत नाव लावून थांबण्याचा तो काळ संपत आला होता. त्याच वर्षी हिरो होंडाची कमी पेट्रोल पिणारी चारस्ट्रोक मोटारसायकल बाजारात आली. बजाजने ‘हमारा बजाज’ या जाहिरातीने भावनिक नाते जपले. पण २००१ च्या सुमारास हिरो होंडाने दुचाकींमधील पहिले स्थान घेतले होते. त्याच वर्षी बजाजने ‘पल्सर’ आणून तरुण ग्राहकाला नवे कारण दिले. पुढे २००९ च्या डिसेंबरमध्ये कंपनीने स्कूटर उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा होंडाची गिअर नसलेली ‘ॲक्टिव्हा’ घराघरांत पोहोचत होती. म्हणजे स्कूटर कोणाला नको होती असे नव्हे. स्कूटर हवी असलेला ग्राहक बदलला होता. महिला, विद्यार्थी, वाढत्या वयाची माणसे. २०१९ मध्ये ‘चेतक’ हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या रूपात परतले. या एका उदाहरणात बाजारपेठेची विभागणी, लक्ष्य ग्राहक, ब्रँडचे मूल्य आणि पुनरागमन हे चारही विषय आहेत.

व्हिडिओकॉनचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. २००५ मध्ये या कंपनीने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनलिका व्यवसाय विकत घेतला. दूरचित्रवाणी संचाचा तो काचेचा, मागे फुगीर भाग तयार करणारे युरोपपासून चीनपर्यंतचे कारखाने हाती आले. परंतु जगभरचा ग्राहक तेव्हाच सपाट पडद्याकडे वळू लागला होता. भारतात सॅमसंग आणि एलजी या कोरियन कंपन्या नव्वदच्या दशकातच येऊन स्थिरावल्या होत्या. पुढे कंपनी मोबाइल सेवेत उतरली आणि २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जे १२२ दूरसंचार परवाने रद्द केले, त्यांत तिचेही परवाने होते. कर्ज, तेल-वायूतील गुंतवणूक, न्यायालयीन प्रकरणे अशी अनेक कारणे या पडझडीमागे सांगितली जातात. सारा दोष मार्केटिंगवर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही ग्राहकाची आवड कोणत्या दिशेने सरकते आहे आणि आपण क्षमता कोठे उभारतो आहोत, हा प्रश्न चितेगावच्या विद्यार्थ्याने वर्गात विचारण्याजोगा आहे. त्याच्याइतक्या जवळून तो दुसऱ्या कोणी पाहिलेला नसेल.

याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पैठण आहे. भौगोलिक मानांकन मिळालेली, हातमागावर महिनोन्महिने विणली जाणारी पैठणी आणि यंत्रमागावरची स्वस्त नक्कल दुकानात शेजारी टांगलेली असतात. ग्राहकाला फरक कसा पटवावा? लग्नाच्या खरेदीत निर्णय कोण घेते, वधू, तिची आई की सासरची मंडळी? प्रवेशापूर्वीच्या महिन्यांत असा एखादा प्रश्न घेऊन दहा दुकाने आणि वीस ग्राहकांशी बोलावे, उत्तरे वहीत मांडावीत. मोसंबीचे वा कापसाचे पैसे हाती आल्यावर बिडकीन-पैठण भागात वाहनांची आणि घरगुती उपकरणांची विक्री कशी हलते, हे वितरकाकडे तासभर बसून विचारावे. बाजारपेठ संशोधनाचा पहिला धडा एवढाच असतो; पुस्तक त्याला नंतर नावे देते.

पाळी, घर आणि अभ्यासाचा वेळ

‘रोज दोन तास अभ्यास’ हा सल्ला फिरत्या पाळीत टिकत नाही. आठवड्याचा हिशेब महिन्याचा करावा. सकाळच्या पाळीचा आठवडा गणित आणि सराव चाचण्यांना द्यावा, कारण संध्याकाळी डोके त्यातल्या त्यात ताजे असते. दुपारच्या पाळीत सकाळचे तास लेखनासाठी चांगले. रात्रपाळीच्या आठवड्यात नवे काही शिकण्याचा अट्टहास नको. वाचलेले उजळावे, व्याख्याने ऐकावीत. केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर मार्केटिंग, लेखाशास्त्र आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक्रम विनामूल्य ऐकता येतात; परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क पडते. पदव्युत्तर अभ्यासक्रम आपल्याला झेपेल का, हे पाहण्याची ही सर्वांत स्वस्त कसोटी आहे. एक पूर्ण अभ्यासक्रम स्वाध्यायांसह संपवता आला नाही, तर हजारो रुपयांचे शुल्क भरण्याआधी पुन्हा विचार करावा.

घरच्यांशी बोलणेही तयारीत मोडते. सत्रान्त परीक्षा लग्नसराईत किंवा मुलांच्या परीक्षांच्या दिवसांत येऊ शकतात. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी तर कारखाना, घर आणि अभ्यास अशी ती तिसरी पाळीच ठरते. कामांची वाटणी आधी झाली नाही, तर पहिल्या सत्रातच पुस्तके बाजूला पडतात.

इंग्रजीची धास्ती आणि सुटलेला हात

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना इंग्रजीची भीती असते. बहुतेक पाठ्यपुस्तके आणि इग्नूचे एमबीए इंग्रजीत आहे, हे नाकारता येत नाही. पण या विषयाची इंग्रजी साहित्यिक नसते. चार-पाचशे संज्ञा वारंवार येतात. वहीच्या डाव्या बाजूस इंग्रजी संज्ञा, उजवीकडे मराठी अर्थ आणि खाली परिसरातले उदाहरण, अशी नोंद ठेवल्यास तीन महिन्यांत वाचनाचा वेग लक्षणीय वाढतो. आर्थिक वृत्तपत्रातील एक बातमी रोज वाचून तिचा पाच ओळींत इंग्रजी सारांश लिहावा.

त्याहून मोठी अडचण हाताची आहे. दहा-बारा वर्षे केवळ नोंदवहीत आकडे भरणाऱ्याला तीन तास सलग लिहिणे जड जाते. उत्तर माहीत असूनही पेपर अपुरा राहतो. आठवड्यातून एकदा जुनी प्रश्नपत्रिका घेऊन, घड्याळ लावून, निदान दोन उत्तरे पूर्ण लिहावीत. स्वाध्याय इंटरनेटवरून उतरवण्याचा मोह टाळावा. त्यातून गुण मिळतील, पण परीक्षेचा सराव बुडेल.

कागदपत्रे आणि कंपनीची परवानगी

पदवी प्रमाणपत्र, सर्व गुणपत्रिका, नावात बदल असल्यास राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी, अनुभवाचा दाखला हे आधीच गोळा करावे. राज्याच्या केंद्रीय प्रक्रियेतून राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्यांना जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि लागू असेल तेथे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागते. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते आणि वैधता मिळण्यास महिने जातात, त्यामुळे निकालानंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रकल्प अहवाल असतो. स्वतःच्या कंपनीतील विषय निवडणे सोयीचे, परंतु विक्रीचे आकडे, वितरकांची नावे, दरपत्रके ही कंपनीची गोपनीय माहिती असते. लेखी परवानगी घेऊन, कोणती माहिती वापरता येईल हे पहिल्याच वर्षी ठरवून घ्यावे. परवानगी नाकारली गेली, तर स्थानिक दुकानदार किंवा ग्राहकांची पाहणी हा विषय केव्हाही मोकळा असतो. तो निवडणाऱ्याने प्रश्नावली, नमुन्याचा आकार आणि मार्गदर्शकाची संमती या गोष्टी प्रकल्प सुरू होण्यापूर्वी एक सत्र आधीच पूर्ण कराव्यात.